फलकावर न लागणारी मजुरीकपात : रुपयाची हुंडणावळ आणि बाबासाहेबांचा सवाल

दरवर्षी १ एप्रिल जवळ आला की मोबाइलवर एक चित्र फिरू लागतं. कोटातले बाबासाहेब, मागे रिझर्व्ह बँकेची इमारत आणि खाली 'रिझर्व्ह बँकेचे जनक'. अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण चित्र पुढे ढकलणाऱ्या कार्यकर्त्याला विचारा, की 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी नेमकं म्हटलंय काय? बहुतेक जण गप्प होतात. अर्थशास्त्र आपलं काम नाही, असं आपल्याला इतकी वर्षं पटवलं गेलंय की जगातल्या एका नामांकित अर्थशास्त्र्याचे वारसदार असूनही आपण त्याच्या पुस्तकाच्या फक्त मुखपृष्ठाला हार घालतो.

२ एप्रिल २०२५ ला वॉशिंग्टनमधून आयातशुल्काची यादी जाहीर झाली आणि पुढच्या काही दिवसांत जगभरचे शेअर बाजार कोसळले. त्या आठवड्यात आपल्या अनेक तरुणांनी विचारलं, की एका देशाने कर लावला तर दुसऱ्या देशातला बाजार का पडतो, आणि आपला त्याच्याशी संबंध काय? याचं उत्तर शोधायला शेअर बाजाराचा क्लास लावायची गरज नाही. ज्या घटनेवर बाबासाहेबांनी विशीच्या अखेरीस नि तिशीच्या सुरुवातीस लंडनमध्ये रात्रंदिवस काम केलं, तीच समजून घेऊ.

ती गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये. १८७१ साली फ्रान्सला हरवून जर्मनी एक झाला, पराभूत फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक खंडणी मिळाली आणि त्या जोरावर नव्या साम्राज्याने चांदीचं चलन सोडून सोन्याचा मार्क सुरू केला. जुनी चांदी वितळवून विकायला काढली. १८७३ मध्ये अमेरिकेने नाण्यांचा कायदा बदलून चांदीच्या डॉलरला वगळलं. फ्रान्स आणि त्याच्या शेजाऱ्यांनी आपल्या टांकसाळींत चांदी घेण्यावर आधी मर्यादा घातली, मग ती बंदच केली. नेमक्या त्याच काळात अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतून चांदी धो धो निघत होती. घेणारे कमी, विकणारे जास्त. चांदी घसरू लागली.

बर्लिनच्या दरबारात वा वॉशिंग्टनच्या सभागृहात यापैकी कुठलाही निर्णय होताना कोणी हिंदुस्थानाचं नावही काढलं नसेल. पण हिंदुस्थानचा रुपया चांदीचा होता. १८३५ पासून १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, थोडी घडणावळ द्यावी आणि रुपये पाडून आणावेत. म्हणजे चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव. १८७० च्या आसपास एका रुपयाला साधारण २ शिलिंग मिळत. १८९२-९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास आला.

आता हिशेब करू. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत पैसे भरावे लागत. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वे आणि इतर कर्जांचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च. याला 'होम चार्जेस' म्हणत. पौंडाचे २४० पेन्स. रुपया २४ पेन्सचा असताना १ कोटी पौंड पाठवायला १० कोटी रुपये पुरत. रुपया १५ पेन्सचा झाल्यावर त्याच १ कोटी पौंडांना १६ कोटी रुपये लागतात. कर्ज वाढलं नाही, पेन्शन वाढली नाही, फक्त हुंडणावळ बदलली, आणि ६ कोटी रुपये जादा उभे करायची वेळ आली. ते कुठून आले? १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. पगार रुपयांत मिळतो म्हणून घरी पैसे पाठवताना तोटा होतो, अशी तक्रार करणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना मात्र १८९३ मध्ये 'हुंडणावळ भरपाई भत्ता' मिळाला. साहेबाला भत्ता, मीठभाकर खाणाऱ्याला कर. जागतिक बाजाराचा धक्का गावात येऊन कोणाच्या पाठीवर बसतो हे शिकायला याहून सोपा धडा आम्हाला माहीत नाही.

पण घसरत्या रुपयाने खूश होणारेही होते. मुंबईचे गिरणीमालक आणि माल परदेशी पाठवणारे व्यापारी म्हणत, रुपया स्वस्त झाला की आपला माल परदेशात स्वस्त पडतो, निर्यात वाढते, देशाची भरभराट होते. मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनला जात होतं, आणि लँकेशायरवाले कुरकुरत होते. अनेक देशभक्तांनाही हा युक्तिवाद पटला. लँकेशायर रडतंय म्हणजे आपलं बरं चाललंय, असा साधा हिशेब.

बाबासाहेबांनी हा हिशेब नीट तपासला. रुपया घसरतो तेव्हा देशात किमती चढतात. मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही, मागून रखडत येते. मालकाचा माल वाढत्या किमतीला विकला जातो आणि मजूर जुन्या दराने राबतो. निर्यातदाराला मिळणारं बक्षीस परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून येत नाही, ते इथल्याच मजुराच्या ताटातून येतं. एका वर्गाचा नफा हा त्याच देशातल्या दुसऱ्या वर्गाचा तोटा आहे, त्याला राष्ट्राचा नफा म्हणायचं नाही, हे त्यांनी किमती आणि मजुरीचे आकडे शेजारी ठेवून मांडलं. आज रुपया पडला की वाहिन्यांवर निर्यातदारांना किती फायदा याची चर्चा होते; तेल, डाळ, गॅस महागला त्याची आकडेवारी दुसऱ्या बातमीत जाते. दोन्ही आकडे एकाच पानावर मांडा, असं शंभर वर्षांपूर्वी सांगणारा माणूस आपला होता.

२६ जून १८९३. सिमल्याच्या थंड हवेत व्हाइसरॉय लॅन्सडाउनच्या कायदेमंडळाने एकाच बैठकीत कायदा संमत केला : यापुढे हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांकडून चांदी घेणार नाहीत. चर्चा नाही, नोटीस नाही. आधी कुणकुण लागली असती तर व्यापाऱ्यांनी चांदीचे ढीग टांकसाळीत आणून टाकले असते, हे सरकारचं कारण. आणि ते खरंही होतं. पण हिंदुस्थान हा जगातल्या चांदीचा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. त्याने दुकानाची फळी लावली, आणि न्यूयॉर्कला औंसामागे ८० सेंटांच्या वर असलेली चांदी चार-पाच दिवसांत ६५ सेंटांच्या खाली गेली.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हाहाकार उडाला. तिथलं सगळं जीवन चांदीवर चालत होतं. जूनच्या अखेरीसच खाणमालकांनी खाणी आणि भट्ट्या बंद केल्या. लेडव्हिल, ॲस्पन यांसारख्या खाणींच्या गावांत हजारो खाणकामगार रस्त्यावर आले आणि मिळेल त्या गाडीने डेन्व्हरकडे निघाले. जुलैच्या मध्यात डेन्व्हरमध्ये तीन दिवसांत डझनभर बँका दारं लावून बसल्या. अमेरिकेतलं संकट सिमल्यात जन्मलं असं मात्र आम्ही म्हणत नाही. तिकडे फेब्रुवारीत एक मोठी रेल्वे कंपनी बुडाली होती, मे महिन्यात नॅशनल कॉर्डेज ही दोरखंडांची बडी कंपनी कोसळून शेअर बाजार हादरला होता, सरकारी तिजोरीतलं सोनं आटत होतं. पण हिंदुस्थानच्या निर्णयानंतर चारच दिवसांनी, ३० जूनला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचं खास अधिवेशन बोलावलं. सरकारने दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घ्यावी असा १८९० चा शेरमन कायदा त्यांना आधीपासूनच नको होता; आता तो रद्द करायला कारण मिळालं. १ नोव्हेंबरला तो रद्द झाला. चांदीचं दुसरं मोठं गिऱ्हाईकही गेलं. तीन वर्षांनी ब्रायन या तरुण नेत्याने सोन्याच्या क्रुसाचं ते गाजलेलं भाषण करून कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जिवावर अध्यक्षपदाची निवडणूक लढवली, आणि तो हरला.

ॲस्पनच्या खाणकामगाराने सिमल्याचं नाव कधी ऐकलं नसेल. सिमल्यातल्या साहेबांनी ॲस्पनचा विचार केला नव्हता. धोरण एका जागी बदलतं. ज्याच्या हातात ती वस्तू, ते कर्ज किंवा तो पगार असतो, तो दुसऱ्याच जागी बुडतो. आणि बाजार घटना घडून जाण्याचीही वाट पाहत नाही. उद्या गिऱ्हाईक नसेल एवढं कळलं तरी आजच भाव पाडतो.

इकडे काय झालं? चांदी आणि रुपया यांची फारकत झाली. रुपया लगेच वधारला नाही. १८९४-९५ मध्ये तो १ शिलिंग १ पेनीपर्यंत घसरला आणि मग नवे रुपये पडत नसल्याने टंचाई होऊन १८९८ पर्यंत १ शिलिंग ४ पेन्सवर आला. चीन अजून चांदीवरच होता. चिनी गिऱ्हाईक चांदीत पैसे देणार, गिरणीचा खर्च मात्र महागलेल्या रुपयांत. मुंबईच्या सुताला तिथे ओढ बसली आणि जपानी सूत पुढे सरकलं.

खेड्यातल्या माणसाचा फटका वेगळा. त्याची बँक म्हणजे बायकोच्या हातातल्या पाटल्या, पायातले तोडे, कमरेचा करगोटा. १८९३ पूर्वी चांदीच्या तोड्याचं टांकसाळीत जवळपास तेवढ्याच वजनाचं नाणं होत असे. आता तोडा वेगळा आणि रुपया वेगळा. सारा रुपयांत भरायचा, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसं दागिने विकायला निघाली तेव्हा तीच चांदी कमी रुपये देत होती. दादाभाई नौरोजी यांनी टांकसाळबंदी म्हणजे छुपी करवाढ आहे, असं १८९८ च्या चलन समितीपुढे ठणकावून सांगितलं. दादाभाईंशी आमचे मतभेद अनेक, पण इथे ते बरोबर बोलले.

बाबासाहेबांचं म्हणणं मात्र इथे नेहमीच्या देशभक्तांपेक्षा वेगळं आणि जास्त खोल आहे, म्हणून ते समजून घ्यायला थोडं थांबावं लागतं. टांकसाळी बंद केल्या यावर त्यांचा मुख्य राग नव्हता. नाणी मर्यादित झाली की त्यांचं मोल टिकतं, हे १८९३ ते १८९८ च्या अनुभवाने सिद्ध झालं, असं त्यांचं मत. त्यांचा आक्षेप असा, की टांकसाळ लोकांसाठी बंद झाली, सरकारसाठी नाही. १९०० नंतर सरकार स्वतः स्वस्त चांदी घेऊन महाग रुपये पाडू लागलं. त्यातला नफा लंडनमध्ये राखीव निधी म्हणून ठेवला गेला. देशात रुपये वाढले, किमती चढल्या. या व्यवस्थेला 'सुवर्ण विनिमय पद्धत' असं भारदस्त नाव होतं आणि १९१३ मध्ये केन्ससारख्या अर्थशास्त्र्याने तिची पाठराखण केली होती. बाबासाहेब म्हणाले, परदेशी हुंडणावळ स्थिर दिसते म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर आहे का ते बघा. उपाय सांगितला तोही रोखठोक : रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्याही हातून काढून घ्या, टांकसाळ त्यालाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडा आणि दोघांचं प्रमाण ठरवून द्या. ज्याच्या हाती नाणी पाडण्याचा साचा आहे त्याच्या चांगुलपणावर विसंबू नका. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हे सुचावं यात आम्हाला नवल वाटत नाही. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीही आपले मतभेद नोंदवून.

इथे कोणी म्हणेल, बलुत्यावर जगणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हुंडणावळीचं काय देणंघेणं? भाकरी मागून आणायची, खळ्यावर धान्य मिळवायचं, त्यात पेन्स कुठून आले? खरं आहे. पण त्याच पिढ्यांत आपली माणसं गाव सोडून मुंबईच्या गोदीत, रेल्वेत, गिरण्यांत रोख मजुरीवर आली. गावकीतून सुटण्याचा तो रस्ता होता. त्याच रस्त्याने रुपयाचा भाव आपल्या खोल्यांत शिरला. गिरणीत विणकाम खात्यात, जिथे पगार बरा, तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. सूतकताईच्या खात्यात कमी पगारावर राबायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तो सर्वांना माहीत आहे. त्याआधीचं १९२५ मात्र फारसं कोणी सांगत नाही.

मधल्या काळात पुष्कळ उलथापालथ झाली. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी चढली की १९१८ मध्ये अमेरिकेला पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवावे लागले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी पाठवावी लागली. १९२० मध्ये सरकारने रुपया २ शिलिंगला बांधायचा खुळा प्रयत्न केला आणि काही महिन्यांत तोंडावर आपटलं. एकट्या दादिबा दलालांनी त्या समितीत विरोधी टिपण लिहून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला होता. १९२५ च्या सुमारास रुपया प्रत्यक्षात १ शिलिंग ६ पेन्सवर होता.

आता ते वर्ष पाहा. एप्रिलमध्ये चर्चिल यांनी ब्रिटनला युद्धपूर्व दराने सोन्यावर नेलं. पौंड महाग, कोळसा परदेशात विकेना, मालक म्हणाले खाणकामगारांची मजुरी कापा. केन्स यांनी त्यावर सडकून लिहिलं. इकडे मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने १ सप्टेंबरपासून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने कापडावरची साडेतीन टक्के जकात स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली, संप मिटला. मालकांचं दुसरं गाऱ्हाणं हुंडणावळीचं होतं : रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर ठेवू नका, १ शिलिंग ४ पेन्सवर आणा. आता १८ पेन्स आणि १६ पेन्स यांतला फरक काढा. साडेबारा टक्के.

साडेअकरा टक्के कपात गिरणीच्या दारावरच्या फलकावर लागते. कामगार ती वाचतो, दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि काम बंद करतो. साडेबारा टक्के हुंडणावळीतून येते तेव्हा फलक लागत नाही. पगार तेवढाच हातात पडतो, फक्त कापड, रॉकेल आणि धान्य हळूहळू महागतं. संप कोणाविरुद्ध करायचा? वाण्याविरुद्ध?

संप मिटून दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा १५ डिसेंबर १९२५ ला बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी 'सर्व्हंट ऑफ इंडिया'मध्येही त्यांनी चलनावर लिहिलं होतं. त्यांची भूमिका अशी, की रुपया खाली आणण्याने व्यापारी-कारखानदार वर्गाचा लाभ होईल आणि तो मजुरीवर जगणाऱ्यांकडून काढून घेतलेला असेल. जुने करार १ शिलिंग ४ पेन्सच्या काळातले, नवे ६ पेन्सच्या काळातले. दोन्हींना कमीत कमी अन्याय होईल असा दर ठरवायचा तर तो ६ पेन्सच्या जवळच असला पाहिजे. आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी विरोधी टिपण जोडलं. १९२७ मध्ये कायदा झाला. बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूचे होते, हा जो शेरा काही लोक अजूनही मारतात, त्याचं एक मूळ इथे आहे. ते इंग्रज सरकारच्या हातून नाणी पाडण्याचा अधिकारच काढून घ्या म्हणत होते, हे त्या लोकांनी वाचलेलं नसतं. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली; पण सरकारच्या टांकसाळीला कुलूप लावायची बाबासाहेबांची मूळ योजना आयोगाने घेतली नाही. मोबाइलवरच्या चित्रापेक्षा हा इतिहास जास्त टोकदार आहे आणि आमच्या मते बाबासाहेबांचा मोठेपणाही त्यात जास्त दिसतो.

जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. दारूबंदी, शेतसारा निम्मा, मिठाचा कर रद्द, लष्करी खर्चात कपात, परदेशी कापडावर जकात. आणि त्यातच रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर आणा. हुंडणावळीचे दोन पेन्स त्या यादीत मावले. अस्पृश्यतेसाठी अकरातली एकही जागा नव्हती. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो याच वातावरणात.

तरी १ शिलिंग ६ पेन्सने सगळं भलं झालं, असं सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. १९२९ नंतर जगभर शेतमालाच्या किमती कोसळल्या. किमती पडल्या की मजुराला काम असेल तर भाकरी स्वस्त, पण काम राहत नाही. आणि कर्जदार शेतकऱ्याचं कर्ज मात्र तेवढंच राहून जड होतं. महाग रुपयाने ते ओझं आणखी वाढलं, हा टीकाकारांचा मुद्दा खरा आहे. ब्रिटनमध्ये केन्स महाग पौंडाविरुद्ध लढले कारण तिथे त्याची किंमत खाणकामगार मोजत होता. इथे बाबासाहेब स्वस्त रुपयाविरुद्ध उभे राहिले कारण इथे ती गिरणीकामगार मोजणार होता. दर उलटे, सवाल एकच. म्हणून 'महाग रुपया चांगला की स्वस्त' अशी परीक्षेतली प्रश्नोत्तरं पाठ करून भागत नाही. त्या त्या वर्षी मजुरी कुठे अडकली आहे आणि कर्ज कोणाच्या नावावर आहे, ते पाहावं लागतं.

२१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने सोनं सोडलं. रुपया स्टर्लिंगला बांधूनच ठेवला. १९२७ च्या कायद्यात शुद्ध सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै धरला होता; आता बाजारात तो चढू लागला. ज्यांच्या घरी धान्याला भाव नव्हता आणि सावकार दारात होता, त्यांनी पोतं उघडलं. एकदाणी, पुतळ्या, नथी सराफाकडे, सराफाकडून मुंबईला झवेरी बाजारात, तिथून बोटीने लंडनला. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं असं गेलं, आणि डळमळलेल्या पौंडाला त्याचा टेकू मिळाला. सरकारी अहवालांनी त्याला लोक नफा घेत आहेत असं म्हटलं, राष्ट्रीय वर्तमानपत्रांनी त्याला अडचणीचं सोनं म्हटलं, आणि दोन्हीकडे बोटींच्या वजनांचे आकडे छापून येत होते. महारवाड्यातून, मांगवाड्यातून त्या बोटींवर काही गेलं नाही. विकायला दागिना असावा लागतो. त्या वर्षांची आपली नोंद शोधायची तर सोन्याच्या तक्त्यात नाही, गिरण्यांच्या हजेरीपटावर शोधावी लागते. आणि तिथेही कताई खात्यातच.